व्हर्टिकल होल्ड

लक्ष्मीपुरीत, धान्य बाजाराच्या मागं,
मुजावरांच्या दुकानात मी तेव्हा सोल्डर धरायला होतो.
आण्णाप्पा टिपुगडे आले ते पिशवीत सहा कॅसेटी घेऊन.
भाचीनं ओहायोहून धाडलेल्या;
कुणाच्या तरी अंगणात जुनं सामान विकायला काढलं होतं,
एका डॉलरला सगळा गठ्ठा.
"लावून बघ हुसेन. अमेरिकेचं हाय."

लावलं, तर चित्र उभं राहीना.
माणसं खालून वर, खालून वर,
रहाटाच्या पोहऱ्यांसारखी.
मुजावर म्हणाले, तिकडचं माप निराळं.
मग मागचं बटण नखानं फिरवत,
फिट आलेल्याला धरावं तसं धरून
त्यांनी एका गृहस्थाला पडद्यासमोर उभं केलं.
काळा कोट, हात पाठीमागं.
तो काहीतरी बोलला. लोक हसले.
लोक मात्र दिसले नाहीत.

मग काठ्यांवर बशा फिरवणारा एक,
दोन पायांवर चालणारं कुत्रं,
गळ्यात मोती घातलेली, रडू आवरत गाणारी बाई,
आणि त्यानंतर एक गोष्ट:
विम्याचा एजंट स्वतःच्याच घराचं दार वाजवतो,
बायको विचारते, कोण पाहिजे?
वीस मिनिटं. संपली.
पुढं काय झालं, त्याला आत घेतलं का,
विचारायची सोय नाही.
पुढच्या कॅसेटीत तोच माणूस पाद्री.

"मागल्या टायमाला हाच दारात हुबा होता," टिपुगडे म्हणाले.
"नाक बदललंय. मेण हाय. बरं बसवलंय."

इंग्रजी तिघांनाही बेताचंच.
पण त्यांनी चाळीस वर्षं इथल्या स्टुडिओत टोप बसवले होते,
ऋषींच्या जटा, शिपायांचे कल्ले,
एकाच दिवशी एकाच माणसाला सकाळी वजीर, दुपारी भिकारी.
ते संवाद ऐकतच नव्हते.
कपाळ आणि केस जिथं मिळतात ती रेघ बघत होते,
आम्ही मॅचमध्ये बॉल बघतो तशी.

रोज संध्याकाळी एक कॅसेट.
गंगावेशीतनं धारोष्ण दूध पिऊन यायचे,
मिशीला फेस तसाच.

सहावीत मात्र, गृहस्थ बोलता बोलताच
पट्टा आला, खरखर झाली,
आणि कुणाचं तरी घर.
टेबल. केक. सात मेणबत्त्या.
पोरगी फुंकते, एक विझत नाही, परत फुंकते.
कुणीतरी कॅमेरा फिरवतं, छत, गुडघे, एक दार,
आणि कोपऱ्यात खुर्चीवर म्हातारा,
आपल्याकडं कोण बघतंय याचा पत्ता नसलेला.
मुजावर म्हणाले, चुकून टेप झालंय वरनं. पुढं घेऊ?
"हात लावू नको," टिपुगडे म्हणाले.
"एवढ्यात हीच आयटम खरी."

मग जवळ सरकले.
"टोप हाय त्याला. बघ की, डाव्या कानावर.
गोंद सुटलाय. घरच्यांनी कुणी सांगितलं न्हाई त्याला.
सांगत न्हाईत."

थांबव म्हणाले. थांबवलं.
थांबलेलं चित्र आमच्या डब्यावर थांबत नसे,
थरथरायचं, जसं काही आतून कुणी धरून ठेवलंय.
मुजावरांचं नख बटणावर.
माझ्या हातात सोल्डर, इस्त्री गार होत चाललेली.

टिपुगडे उठले,
अंगठा जिभेला लावला,
आणि काचेवर, त्या कानाच्या वर,
हळूच दाबून धरला.
काचेतून चटका बसला असणार, चट् असा आवाज आला.
अंगठा काढला नाही.
"जरा हालू नका," ते म्हणाले,
म्हाताऱ्याला की आम्हाला, कळलं नाही.
आम्ही कुणीच हाललो नाही.